एकशेवीस झाकणं

बोईसर, ९ फेब्रुवारी १९६६

वहिनी,

पोचल्याचं कार्ड टाकायला पंधरा दिवस लागले, रागावू नका. अंधेरीचं काम सोडून इथे आलो ते बरं केलं की वाईट, अजून कळत नाही. बेटेगावच्या रस्त्याला पत्र्याची एक लांबट शेड आहे. तिच्यात हाताने दाबायची दोन यंत्रं, एक लेथ, चार कामगार आणि साचे कोरणारा मी. मालक हरकिसन शेठ. खोली स्टेशनजवळ घेतली आहे. बरोबरचे तिघेही तारापूरच्या प्रकल्पावर पाळीने जातात, त्यामुळे खोलीत कोणीतरी कायम झोपलेलं आणि कोणीतरी निघायच्या गडबडीत. मला तिथे पाठ टेकवत नाही. सुटीच्या दिवशीही शेडवर जाऊन बसतो.

शेठने मला आणलं ते एकाच कामासाठी. प्रकल्पावरच्या लोकांना जेवण पुरवणारा एक ठेकेदार आहे, त्याला प्लास्टिकचे डबे हवेत. भात-कालवण भरून, एकावर एक रचून ट्रकने न्यायचे. माणसाने अर्धं खाल्लं तर झाकण परत लावून उरलेलं संध्याकाळपर्यंत राहिलं पाहिजे. डबा कोणीही करील, वहिनी. झाकण अवघड आहे. घट्ट केलं तर उघडत नाही, सैल केलं तर पहिल्या खड्ड्याला कालवण बाहेर. आणि एकदा लागणारं झाकण वेगळं, पन्नास वेळा उघडून पुन्हा तसंच लागणारं वेगळं. काल चहाच्या दुकानात बसलो होतो तर बिस्किटांच्या बरणीचं झाकणच फिरवत राहिलो. दुकानदार म्हणाला, बिस्कीट घ्यायचं तर घ्या, नाहीतर हात काढा.

पालघरहून माहीमला जाणाऱ्या बसच्या कंडक्टरकडे दोन डबे दिले आहेत. आत काहीतरी उग्र वासाचं ठेवा, उघडा, लावा, पाडा. मग मला लिहा. वाईट असेल ते आधी लिहा. मी शाळेत असताना माझी पाटी तुम्ही तपासायचात तशी.

दादाला नमस्कार सांगा.

चिंतू


माहीम, २१ फेब्रुवारी १९६६

चिंतू,

डबे मिळाले. तुझ्या दादांनी हातात घेऊन उलटसुलट बघितले आणि म्हणाले, एवढ्यासाठी याने अंधेरी सोडली. मनावर घेऊ नकोस. होडीच्या कामाशिवाय त्यांना दुसरं काम कामच वाटत नाही.

वाईट आधी लिहिते. डबा भरल्यावर झाकण एका बाजूने दाबलं की समोरची बाजू उचलली जाते. ती दाबली की ही. आत कोंडलेली हवा बाहेर जायला वाट शोधत असावी. शेवटी मी मधोमध तळवा दाबला, कडेला नखाने जरा उचललं, हवा फुस्स करून गेली, मग चारी बाजूंनी बसलं. हे मला कळायला चार दिवस लागले. दुसरं, ठकीमावशीला उघडेना. तिची बोटं आता वाकतच नाहीत. तिने शेवटी दाताने उघडलं, तिला आहेत किती दात तुला ठाऊक आहे.

आता चांगलं. आपल्या घरात उग्र वासाचं म्हणजे दुसरं काय असणार. नुकतेच वाळवून काढलेले सोडे भरले आणि डबा मुद्दाम तांदळाच्या कणगीला टेकवून ठेवला. आठ दिवसांनी भात शिजवला तर भाताला भाताचाच वास. मला खरं वाटेना म्हणून शेजारच्या मंजुळाला हुंगायला बोलावलं.

त्यावरून डोक्यात एक आलं आहे. आम्ही बायका उन्हाळ्यात कोळंबी सोलून, वाळवून सोडे करतो आणि तेलाच्या पत्र्याच्या डब्यांत भरून ठेवतो. भाव येतो श्रावण सरल्यावर. पण तोवर डबा दहा वेळा उघडला जातो, दमट हवा शिरते आणि निम्मा माल लाल पडतो. दादरचा एक वाणी मला गेल्या वर्षीच म्हणाला होता, वास बाहेर येणार नाही असं बांधून आणा, मी दुकानात ठेवतो. तुझे हे छोटे डबे गिऱ्हाइकाच्या घरी जातील, बाई मूठभर काढील आणि परत लावून ठेवील. आम्ही अकरा जणी आहोत. तू शंभरेक डबे देऊ शकशील का? शेठला विचार. फुकट नको.

दमयंती


बोईसर, ६ मार्च १९६६

वहिनी,

तुमचं पत्र मी शेडमध्ये खिळ्याला अडकवून ठेवलं आहे. हवा कोंडते हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. मी रिकाम्या डब्यावर झाकण लावून बघत होतो, भरलेल्यावर नाही. त्या दिवसापासून चार वेळा खाच बदलली. आता कडेला अंगठ्याएवढी जीभ काढली आहे. ती उचलायची, मध्ये दाबायचं, हवा गेली की जीभ सोडायची. ठकीमावशीला दाताची गरज पडणार नाही.

रचण्याचंही जमलं. झाकणाच्या मध्यावर एक गोल कडं उठवलं आहे, वरच्या डब्याचा तळ त्या कड्यात बसतो. आता ढीग सरकत नाही. काल सहा डबे रचून टेबल हलवलं, एकही पडला नाही. मी एकटाच होतो, पण कोणाला तरी दाखवावंसं वाटलं म्हणून रस्त्यावरून जाणाऱ्या गाडीवानाला बोलावून दाखवलं. तो मान हलवून गेला.

शेठ तुमच्या डब्यांना तयार आहे. म्हणाला, ठेकेदाराला द्यायच्या आधी कोणीतरी वापरून बघेल तर चांगलंच. एकशेवीस डबे एप्रिलअखेर देतो. पण त्याला घाई फार. रोज विचारतो झालं का, आणि मी रोज म्हणतो, झालंच. मग घरी जाताना रस्त्यात आठवतं की कड अजून पातळ हवी, आणि परत फिरतो.

तुमच्या अकरा जणींना सांगा की माल खराब होणार नाही. हे मी सांगतो.

चिंतू


माहीम, २८ मार्च १९६६

चिंतू,

सगळ्या जणी माझ्या ओट्यावर जमल्या होत्या. तुझा डबा हातोहात फिरला. ठकीमावशीने तो तीन वेळा उघडला आणि लावला, आणि चौथ्या वेळी कोणाला देईना. बहुतेक जणी लगेच कबूल झाल्या. मंजुळा मात्र मागे बसून होती. ती म्हणाली, "पत्र्याचा डबा आमच्या वळकीचा हाय. तो कवा गंजतो ते आमाला ठावं. हा कवा फुटंल ते कोन सांगनार? आनि फुटला तर आमी कोनाच्या दारात जायाचं?"

मी म्हणाले, "माज्या."

मग तीही कबूल झाली. या वर्षी तिच्या घरचा सगळा उन्हाळा सोड्यांवरच आहे, तिच्या नवऱ्याचा खांदा दुखावल्यापासून तो होडीवर जात नाही. तुला हे लिहिते कारण तुला ठाऊक असावं.

तुझ्या दादांना मी विचारलं नव्हतं. त्यांनी सगळं आतून ऐकलं. जेवताना एवढंच म्हणाले की, चिंतूच्या एका शब्दावर तू अकरा घरं टांगलीस.

दमयंती


बोईसर, ३० एप्रिल १९६६

वहिनी,

आज एकशेवीस डबे पालघरच्या ट्रकने पाठवले. तिथून दादांनी बैलगाडीने आणावेत. मला स्वतःला यायचं होतं पण ठेकेदाराचं काम अंगावर आहे. डबे सावलीत ठेवा. तीनच्या वर रचू नका. झाकण गरज नसताना उघडू नका.

बाकी ठीक. ट्रकवाला थांबला आहे म्हणून इथेच संपवतो.

चिंतू


माहीम, १९ मे १९६६

चिंतू,

डबे भरून झाले. चार दिवस ओट्यावर बसून अकरा जणींनी भरले. प्रत्येकीने आपापल्या डब्यांवर कोळशाने खूण केली. मागच्या खोलीत सगळे रचले आहेत. तू तीनच रचायला सांगितलंस पण खोली केवढी आहे ते तुला ठाऊक आहे, पाच-पाच रचावे लागले. मार्चात तू सहा रचून टेबल हलवलं होतंस म्हणून धीर केला.

एक विचारायचं आहे. पहिले दोन डबे दुधासारखे पांढरे होते. या खेपेची झाकणं मळकट राखाडी आहेत आणि बोटाला जरा कडक लागतात. जीभ उचलली की वाकते त्या जागी पांढरी रेघ उठते. हे असंच असायचं का? तीन का रचायचे तेही लिहिलं नाहीस. तुझं मागचं पत्र मी दोनदा वाचलं. एवढं तुटक तू कधी लिहीत नाहीस.

लगेच उत्तर दे.

दमयंती


माहीम, २० जून १९६६

चिंतू,

महिना झाला, उत्तर नाही. पत्र पोचलं नसेल म्हणून हे कार्ड. होड्या वर ओढल्या, तुझे दादा घरी आहेत. पाऊस लागून राहिला आहे. इकडे सगळं ठीक.

तुला काही सांगायचं असेल तर सांग.

दमयंती


बोईसर, ११ जुलै १९६६

वहिनी,

तुमचं पत्र पोचलं होतं, कार्डही पोचलं. तीन वेळा उत्तर लिहायला घेतलं. प्रत्येक वेळी नव्या यंत्राचं, ठेकेदाराचं, प्रकल्पावरच्या गर्दीचं लिहून पान भरलं आणि फाडलं.

आज सरळ लिहितो. तुमच्या झाकणांत चांगलं प्लास्टिक नाही. एप्रिलात प्लास्टिकचे कच्चे दाणे मिळेनासे झाले. शेठने जुन्या बादल्या, चपला असलं भंगार दळून निम्मं निम्मं मिसळलं. अशा मालाला ताण राहत नाही, वाकवलं की पांढरं पडतं आणि पुढे तडकतं. पहिलं झाकण साच्यातून निघालं तेव्हाच मला कळलं. मी ते दहा वेळा वाकवलं, अकराव्या वेळी कड तुटली. शेठला नेऊन दाखवलं. तो हिशेबाच्या वहीतून मान वर न करता म्हणाला, मच्छीवाल्या बायकांना चालेल. मी बाहेर गेलो आणि स्वतःच्या हाताने एकशेवीस डबे ट्रकमध्ये चढवले.

मी नाही म्हणू शकलो असतो. काम गेलं असतं एवढंच. पण झाकणावर तीन महिने घालवले होते आणि ते माझ्या हातून निसटेल या भीतीने मी बोललो नाही. मग तीनच रचा असं लिहिलं आणि स्वतःची समजूत घातली की सांगून झालं.

हे पत्र मिळताच सगळे डबे उघडा, जो माल चांगला असेल तो पत्र्याच्या डब्यात भरा. मंजुळाकाकीला काय सांगाल ते माझ्या नावावर सांगा.

चिंतू


माहीम, १६ जुलै १९६६

चिंतू,

पत्र मिळालं. ते मिळायच्या आधीच मला ठाऊक होतं.

चौदा जूनला मागच्या खोलीत गेले तर दारातच वास आला. एका ढिगातला तळचा डबा काढला. झाकण एका बाजूने बोटभर उचललं गेलं होतं, आत सोडे ओलसर आणि लाल. डबा मंजुळाच्या खुणेचा होता. मी तो परत होता तसा ठेवला आणि दार ओढून घेतलं. त्यानंतर तुला कार्ड लिहिलं आणि त्यात लिहिलं की सगळं ठीक.

तू काहीतरी लपवतो आहेस हे मे महिन्यातच कळलं होतं. मला हट्ट पडला की चिंतूनेच आधी बोलावं. त्याला मी पाटीवर अक्षर गिरवायला बसवलं, तो मला खोटं लिहिणार नाही. असं म्हणत मी बसून राहिले. बायका विचारायच्या, दमे, आपला माल बरा हाय ना, आणि मी हाय म्हणायचे. पाच जुलैला राहवलं नाही. सगळ्यांना बोलावून दार उघडलं. एकशेवीसपैकी एकावन्न डबे गेले होते. जूनच्या मध्याला उघडले असते तर निम्मे तरी वाचले असते. ते तुझ्यावर घालता येत नाहीत, चिंतू. ते माझे आहेत.

ठकीमावशी आपले डबे पदराने पुसत राहिली. मंजुळाचे सोळातले अकरा गेले. ती माझ्याकडे बघून म्हणाली, "तुज्या दारात यायाचं म्हनालीस. आमी तुज्या दारातच उब्या हाव."

माझ्या वाट्याचे जे चांगले राहिले होते ते मी तिच्यापुढे ठेवले. तिने घेतले नाहीत. त्या दिवसापासून ती पाण्याला जाताना आमच्या दारावरून जात नाही, मागच्या वाटेने जाते.

तू मनिऑर्डर पाठवायचा विचार करत असशील. पाठवू नकोस. ये. पत्राने हे होणार नाही.

दमयंती


बोईसर, ९ ऑगस्ट १९६६

वहिनी,

तुमच्याकडून परत येऊन पंधरा दिवस झाले. तिथे असताना तुमच्याशी नीट बोलता आलं नाही, घरात सारखं कोणीतरी होतं आणि दादा माझ्याशी शब्द बोलत नव्हता. म्हणून लिहितो.

ओट्यावर सगळ्या जणी बसल्या आणि मंजुळाकाकीने माझ्यापुढे डबा ठेवला. मला वाटलं होतं शिव्या देईल, मी त्या ऐकायची तयारी करून आलो होतो. ती एवढंच म्हणाली, "उगड." मी उघडला. "लाव." लावला. असं तिने मला सतरा वेळा करायला लावलं, आणि सतराव्या वेळी जीभ माझ्या हातात तुटून आली. तेव्हा ती म्हणाली, "आमी रोज वापरनार व्हतो. तू किती वेळा उगडून बगितला व्हतास?" चांगल्या प्लास्टिकचं झाकणसुद्धा मी वीस वेळांच्या वर उघडून बघितलं नव्हतं.

पण मला झोप लागत नाही ती खरी दुसऱ्याच गोष्टीने. दुपारी तुम्ही स्वयंपाकात होतात तेव्हा मी मागच्या खोलीत जाऊन खराब निघालेले डबे बघत बसलो. तुम्ही प्रत्येकावर लिहून ठेवलं होतं की ढिगात तो कितवा होता. वरचे दोन्ही थर बहुतेक कोरडे. गेले ते जवळजवळ सगळे खालचे. भंगार तर सगळ्याच झाकणांत सारखं होतं. मग खालचेच का गेले? चार डबे भरून एकावर एक ठेवले आणि जमिनीवर आडवा होऊन तळच्या झाकणाकडे बघत राहिलो. वरचं वजन माझ्या त्या मधल्या कड्यावर येतं, झाकण मध्ये दबतं, आणि मध्ये दबलं की कड वर वळते. हळूहळू, दिवसाला केसभर. चांगल्या प्लास्टिकचं असतं तर ऑगस्टात उघडलं असतं, भंगाराचं म्हणून जूनमध्ये उघडलं. ढीग सरकू नये म्हणून जे कडं काढलं आणि गाडीवानाला बोलावून दाखवलं, तेच झाकण उघडत होतं.

म्हणजे शेठचं भंगार खरं, पण त्याच्या आड मी माझी चूक ठेवली होती. ती मलाही दिसत नव्हती.

इथे परत आलो तर ठेकेदाराचे दोन हजार डबे त्याच साच्यातून निघत होते. मी शेठला यंत्र थांबवायला सांगितलं. तो म्हणाला, त्यांचा डबा सकाळी भरतो, दुपारी रिकामा होतो, त्याला कुठे दोन महिने काढायचे आहेत. ते मलाही पटत होतं, मला ते पटवून घ्यायचंच होतं. मग मी प्रकल्पावर गेलो. ठेकेदाराच्या माणसासमोर सहा डबे गरम भाताने भरले, रचले आणि हातगाडीवर ठेवून तिथल्या कच्च्या रस्त्याने एक फेरी मारली. गरमीने झाकण आणखी मऊ पडतं. परत आलो तेव्हा तळच्या दोन डब्यांतला भात गाडीवर होता. त्या माणसाने तळचं झाकण उचलून उलटसुलट बघितलं. मग म्हणाला, तुमने अपने ही पेट पर लात मारी. त्याने अॅल्युमिनियमचे डबे घ्यायचं ठरवलं. शेठने मला त्याच दिवशी काढलं. साचा त्याचा, तो त्याच्याकडेच राहिला.

दादाला हे सांगू नका, मी सांगीन. सध्या प्रकल्पावर फिटरचं काम मिळालं आहे. पाळी संपली की पाय आपोआप बेटेगावच्या रस्त्याकडे वळतात, अर्ध्या वाटेत आठवतं.

चिंतू


माहीम, २२ ऑगस्ट १९६६

चिंतू,

पत्र तुझ्या दादांना वाचून दाखवलं. तू नको म्हणालास तरी दाखवलं, या घरात लपवालपवी पुष्कळ झाली. त्यांनी भाताचा भाग पुन्हा वाचायला लावला. मग अंगणात जाऊन जाळं विणत बसले. संध्याकाळी विचारलं, तो जेवतो कुठे?

वजन मध्यावर नको तर कुठे द्यायचं, याचा विचार कर. मला डोक्यावरच्या टोपल्या आठवतात. आम्ही टोपलीवर टोपली ठेवतो तेव्हा वरची खालच्या काठावर बसते, मासळीवर नाही. मासळीला भार लागला तर संध्याकाळपर्यंत तिचा लगदा होतो. तुला याचा उपयोग होईल की नाही ते मला कळत नाही.

मंजुळा अजून मागच्या वाटेने जाते.

दमयंती


बोईसर, २ एप्रिल १९६७

वहिनी,

आठ महिन्यांत तुम्हाला चारच कार्डं लिहिली, सगळी खुशालीची, कारण सांगण्यासारखं काही होत नव्हतं. पाच साचे वाया गेले. सहावा बरा निघाला.

पालघरला एका म्हाताऱ्या मिस्त्रीकडे हाताचं जुनं यंत्र आहे. तो मला दर रविवारी ते वापरू देतो, बदल्यात मी त्याचं लेथचं काम करतो. अंधेरीच्या माझ्या उस्तादाने नव्या दाण्यांचं एक पोतं दिलं. भंगार यात कणभर नाही, पोतं मी स्वतः फोडलं.

झाकण आता मध्ये खोल आहे, बशीसारखं. वरच्या डब्याच्या तळाला कडेने पाय काढला आहे, तो खालच्या डब्याच्या भिंतीवर बसतो. तुमच्या टोपलीसारखा. झाकणाला वरून काही शिवतच नाही. आठ डबे रचून त्यावर मी स्वतः उभा राहिलो. जीभ दोनशे वेळा उघडली-लावली. खोलीतल्या तिघांना कामाला लावलं होतं, ते आता मला डब्बावाला म्हणतात.

गेल्या वर्षी मार्चात मी असंच खात्रीने लिहिलं होतं, म्हणून या वेळी काही सांगत नाही. तीस डबे घेऊन पुढच्या रविवारी स्वतः येतो. बायकांनी नको म्हटलं तर परत नेईन.

चिंतू


माहीम, २७ ऑगस्ट १९६७

चिंतू,

आज सकाळी डबे उघडले. तू गेल्यावर काय ठरलं होतं ते तुला पुरतं ठाऊक नाही, ते आधी सांगते. तू ओट्यावर तीस डबे मांडून बसला होतास तेव्हा कोणीच पुढे आलं नाही, आणि तू निघून गेलास. तुला वाटलं असेल की तुझ्या भिडेखातर मी ते ठेवून घेतले. तसं नव्हतं. दुसऱ्या दिवशी मंजुळा पुढच्या दाराने आली. म्हणाली, "धा मला दे. पन दर पंदरा दिसांनी उगडून बगायचं, आनि सगळ्यांच्या देखत." मग ठकीमावशीने चार घेतले. बाकीच्यांनी एक-दोन, एक-दोन. सहा माझे.

दर पंधरा दिवसांनी आम्ही जमत होतो. ढिगाचा तळचा डबा काढायचा, सगळ्यांनी हुंगायचा, परत लावायचा. हे तुला मुद्दाम कळवलं नाही, कारण आशा लावायची नव्हती. एवढं एक लपवलं.

आज शेवटचं उघडणं. अठ्ठावीस डबे कोरडे निघाले. सोडे हातात घेतले तर खडखडीत, मे महिन्यात भरले तसे. ठकीमावशीने स्वतःचे चारही डबे अंगठ्याने उघडले, कोणाला हात लावू दिला नाही. मंजुळाने आपले दहा एकेक करून उघडले आणि एकेक करून लावले. जाताना ओट्याच्या पायरीवर थांबली आणि विचारलं, चिंतू दिवाळीला येनार हाय का? मी म्हणाले, विचारते. म्हणून विचारते.

दादरच्या वाण्याला निरोप धाडला आहे. तुझे दादा डबे घेऊन बुधवारी स्वतः जाणार आहेत.

आता उरलेले दोन. दोन्ही माझे होते, दोन्हींत दमट शिरलं आणि सोडे लाल पडले. बायकांनी लगेच एकमेकींकडे बघितलं. मी ते डबे हातात घेऊन नीट बघितले. झाकणाची कड शाबूत, जीभ शाबूत, कुठे रेघसुद्धा नाही. पण खाचेत सोड्याचं एकेक साल अडकलं होतं. गेल्या पंधरवड्यात मी घाईने मूठभर काढले आणि कड न पुसता झाकण लावलं. सगळ्यांच्या देखत सांगितलं की यात चिंतूच्या झाकणाचा दोष नाही, माझ्या हाताचा आहे.

हे सकाळी दहाला कळलं. आता बारा वाजले आहेत. एकची बस पकडून हे पत्र पालघरला टाकायला तुझे दादा निघाले आहेत, दारात उभे राहून विचारत आहेत, झालं का. झालं.

दमयंती